ऊन पाणी, रामबाण नव्हे

उनपदेवाला जा, उनकेश्वरला जा, वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीला जा किंवा कोकणात तुरळ-राजवाडीला उतरा. कुंडाच्या काठावर कोणी ना कोणी एक वाक्य ऐकवतंच: पाण्यात गंधक आहे, कातडीचे सगळे रोग जातात. पर्यटनाच्या पुस्तिकांत हेच वाक्य असतं, प्रवासवर्णनांत असतं, मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत तर असतंच असतं. अलीकडे त्याला पुढे आणखी एक वाक्य जोडतात, की हे विज्ञानानेही सिद्ध केलं आहे. सिद्ध केलेलं नाही. आणि ज्या परंपरेचा हवाला दिला जातो, तिच्या ग्रंथांतही हे असं सांगितलेलं नाही. दोन्ही गोष्टी सविस्तर मांडायला हव्यात, कारण या वाक्यावर विसंबून माणसं औषधाविना राहतात.

आमच्या माढा तालुक्यात ऊन पाण्याचा झरा नाही. भीमा आहे, सीना आहे, उजनीचं धरण आमच्याच तालुक्यात आहे, पण जमिनीतून वाफाळतं पाणी कुठे येत नाही. तरी हे वाक्य आमच्या घराघरांत पोचलेलं आहे. कुणाच्या मांडीवर चट्टा उठला, खाज थांबेना, पाठीवर पांढुरका डाग दिसला, की आधी मेडिकलमधून एक ट्यूब येते, मग शेजारच्या बाईंकडून एक पाला येतो, आणि तिसऱ्या पायरीवर घरातलं वडीलधारं माणूस सांगतं, की उनकेश्वरला जाऊन चार दिवस राहा, आंघोळी कर, सगळं जाईल. उनकेश्वर किनवटच्या बाजूला, पैनगंगेच्या खोऱ्यात. माढ्याहून तिकडे जायचं म्हणजे मजुरी बुडते, गाडीभाडं जातं, सोबतीला माणूस लागतं. एवढा खटाटोप करून माणूस जातो तो केवळ हौस म्हणून नाही. त्याला बरं व्हायचं असतं. म्हणून त्याच्याशी खरं बोलणं हे आपलं कर्तव्य आहे.

आधी पाणी गरम का होतं ते पाहू. इथे माढ्याच्या माणसाला बाहेरून कुणी शिकवायची गरज नाही, कारण बोअर आपण रोज बघतो. थंडीच्या दिवसांत पहाटे मोटार सुरू केली की खोल बोअरचं पाणी हाताला कोमट लागतं. जमिनीत खाली जावं तशी उष्णता वाढते, साधारण दर किलोमीटरला २५ ते ३० अंश. पाचशे फुटांचा बोअर म्हणजे दीडशे मीटर, म्हणजे चारेक अंशांचा फरक. आता ६० अंशांचं पाणी घ्या. आपल्याकडचं जमिनीचं सरासरी तापमान २७ अंश धरलं तर ते पाणी साधारण सव्वा किलोमीटर खोल जाऊन आलेलं असणार, आणि वर येताना ते निवतं हे लक्षात घेतलं तर त्याहूनही खोल. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांतून खाली उतरतं, तिथे तापतं आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने वर येतं. पश्चिम किनाऱ्यालगत पालघरपासून खाली रत्नागिरीकडे सुमारे तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात दीड डझन ठिकाणी असे झरे आहेत, कारण तिथले खडक लांबच लांब भेगाळलेले आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवाजवळही अशाच जुन्या भेगांचा पट्टा जातो. खाली कुठलाही ज्वालामुखी धुमसत नाही. दख्खनचा लाव्हा थिजून साडेसहा कोटी वर्षं झाली. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे खोल बोअर घेतला, तेव्हा ३३८ मीटरवर काळा पाषाण संपून त्याहून कितीतरी जुना स्फटिकी खडक लागला. आगीचा लवलेश नव्हता.

हे सगळं काही काल-परवा समजलेलं नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशातल्या उष्ण झऱ्यांची यादी केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने ती पुरी केली आणि १८८२ मध्ये ती छापली गेली. त्यात सुमारे तीनशे झरे आहेत. तेव्हापासून या पाण्यांची तापमानं मोजली जात आहेत, घटक तपासले जात आहेत. म्हणजे पाण्यात काय आहे हा श्रद्धेचा प्रश्न उरलेलाच नाही. बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेलं की उत्तर मिळतं.

आणि किनाऱ्यावरच्या झऱ्यांबाबत ते उत्तर बऱ्याच अंशी मिळालेलंही आहे. या पाण्यात प्रामुख्याने सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड आहे. गंधक हा त्यातला मुख्य घटक नाही. काही ठिकाणी कुजलेल्या अंड्यासारखा हलका वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा, आणि त्या वासावरच सगळी इमारत उभी आहे. हा वायू हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसला तरी माणसाच्या नाकाला कळतो. म्हणजे वास येणं ही आपल्या नाकाच्या तीक्ष्णतेची खूण झाली, पाण्यातल्या औषधाची नव्हे. उलट बाजूला खरं गंधक औषध म्हणून कसं वापरतात ते बघा. खरजेवर गंधकाचं मलम फार जुन्या काळापासून आहे आणि ते गुणकारीही आहे. त्यात गंधकाचं प्रमाण शेकडा ५ ते १० असतं, ते गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं असतं, रात्रभर ठेवायचं असतं, आणि सलग काही रात्री लावायचं असतं. शिवाय घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावायचं, कपडे-अंथरुणं गरम पाण्यातून काढायची. कुंडातल्या अर्ध्या तासाच्या बुडीचा याच्याशी काय संबंध? गंधक हे नाव तेवढं सारखं आहे. मात्रा, वेळ, पद्धत, सगळं वेगळं.

मला या गंधकाच्या दाव्याचा विशेष राग येतो, आणि त्याला कारण आहे. जुनी कथा अशी नव्हती. उनकेश्वरला आणि चोपडा तालुक्यातल्या उनपदेवाला, दोन्हीकडे जवळपास एकच कथा सांगतात. शरभंग ऋषींना कुष्ठ झालं होतं, वनवासात राम त्यांच्या आश्रमात आला, त्याने बाण मारून भूमीतून ऊन पाणी काढलं आणि ऋषी त्या पाण्याने बरे झाले. वज्रेश्वरीला देवीने मारलेल्या दैत्यांच्या रक्तामुळे पाणी ऊन राहिलं असं सांगतात, आणि तिथलं देऊळ चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर नवस फेडण्यासाठी बांधलं. वाल्मीकींच्या अरण्यकांडातला शरभंग रामाला भेटून अग्निप्रवेश करतो. तिथे कुष्ठही नाही आणि बाणही नाही. पण म्हणून लोककथा खोटी ठरत नाही. लोकांनी ती रचली, कारण ज्याला गावाने वेशीबाहेर काढलं अशा रोग्याच्या दारी प्रत्यक्ष राम येतो, हे त्यांना सांगायचं होतं. केवढी मोठी माया आहे या कथेत! ती देवाची गोष्ट म्हणून सांगितली जात होती आणि देवाची गोष्ट म्हणूनच ऐकली जात होती. तिच्यावर प्रयोगशाळेचा शिक्का मारायची कुणालाच गरज वाटली नाही. गंधकाचा दावा करणाऱ्यांनी कथेतली माया काढून टाकली आणि तिच्या जागी एक रसायन बसवलं, तेही चुकीचं.

आता परंपरेकडे येऊ. "आपले पूर्वज मूर्ख नव्हते" असं म्हटलं की वाद संपला असं समजतात. पूर्वज मूर्ख नव्हतेच. म्हणून तर त्यांनी काय लिहून ठेवलं ते वाचायला हवं. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात ऊन पाण्याच्या आंघोळीबद्दल स्पष्ट सांगितलं आहे, की ते पाणी कमरेखाली घेतलं तर बळ वाढतं, डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं. अतिसार, अजीर्ण, डोळ्यांचे-कानांचे विकार असताना आणि जेवण झाल्या झाल्या स्नान करू नये, असंही तिथेच आहे. त्याच ग्रंथात स्वेदनाचा अध्याय आहे. घाम काढण्याचे उपचार कुणाला करू नयेत, याची लांब यादी त्यात दिली आहे. त्या यादीत गर्भिणी आहे, मेहाचा रोगी आहे, अतिशय अशक्त माणूस आहे आणि कुष्ठाचा रोगीही आहे. ज्या रोगासाठी कुंडात उतरायला सांगतात, नेमका तोच रोग वाग्भटाने मनाईच्या यादीत घातला आहे. चरकसंहितेत काही कठीण, घट्ट चट्ट्यांना शेक देण्याचा उपचार आहे, हे मला माहीत आहे. पण तो वैद्याने रोगी पाहून, चट्टा पाहून, पुढच्या उपचाराची तयारी म्हणून करायचा आहे. वाटेल त्याने वाटेल तेवढा वेळ कढत पाण्यात बसावं, असं चरक कुठेही म्हणत नाही. उलट मधुमेह्याला स्वेदन नको असं तोही बजावतो.

सुश्रुत याहून पुढे जातो. वारंवार अंगस्पर्श, एकत्र जेवण, एकाच बिछान्यावर झोपणं, दुसऱ्याचे कपडे, दुसऱ्याच्या माळा यांतून काही रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात असं तो लिहितो, आणि त्या रोगांत पहिलंच नाव कुष्ठाचं आहे. रोगजंतूंचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी केलेलं हे निरीक्षण थक्क करणारं आहे. ज्याला सुश्रुताबद्दल आदर आहे, त्याने खरूज, नायटा, डोळे आलेले आणि उघड्या जखमा असलेले रोगी एकाच टाकीत उतरवू नयेत.

आपल्या कुंडांवर काय दिसतं? वरच्या टोकाला गोमुखातून किंवा तळातल्या भेगेतून पाणी येतं, ते टाकीत साचतं आणि एखाद्या बारीक वाटेने बाहेर पडतं. पायऱ्यांवर शेवाळ. काठावर शाम्पूच्या फाटलेल्या पुड्या, ओले पंचे एकावर एक टाकलेले. पाणी भरपूर वाहतं असेल तर ठीक. उन्हाळ्यात धार बारीक झाली आणि सुट्टीची गर्दी आली की पहिल्या माणसाच्या अंगावरचं पाणीच पन्नासाव्या माणसाच्या अंगावर येतं. लहान मुलं त्यात नाक-तोंड बुडवून खेळतात. काहीजण तेच पाणी तीर्थ म्हणून पितात, बाटलीत भरून घरी नेतात. खोल खडकांतून तापून आलेल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असू शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅम आहे. त्या बाटलीतल्या पाण्यात ते किती आहे, हे नेणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

"मग इतके लोक बरे कसे होतात?" हा पुढचा प्रश्न, आणि तो मनापासून विचारलेला असतो, म्हणून त्याला मनापासून उत्तर द्यायला हवं. कातडीचे बरेच रोग आपोआप कमी-जास्त होतात. सोरायसिस महिनोन्‌महिने झोपतो आणि पुन्हा उठतो. इसब हवा बदलली की निवतं. माणूस कुंडावर जातो तो खाज अगदी असह्य झाल्यावर, म्हणजे रोग शिखरावर असताना. त्यानंतर तो उतरणारच असतो, आणि उताराचं श्रेय कुंडाला मिळतं. शिवाय त्या चार दिवसांत शेतातलं ऊन नसतं, खत-औषधाचा हात लागत नाही, मेडिकलमधली ती ट्यूब बंद असते. या ट्यूबबद्दल मुद्दाम सांगते, कारण माढ्यात काय किंवा टेंभुर्णीत काय, ती चिठ्ठीशिवाय सर्रास मिळते. तिच्यात बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि जोरदार स्टेरॉइड एकत्र कालवलेलं असतं. स्टेरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, पण खाली नायट्याची बुरशी पसरत राहते. गेल्या काही वर्षांत देशभर हट्टी नायट्याची जी साथ पसरली आहे, नेहमीच्या गोळ्यांनाही दाद न देणारी बुरशी जी फोफावली आहे, तिला या ट्यूबांचा मोठा हातभार आहे असं त्वचारोगतज्ज्ञ सांगत आले आहेत. कुंड आणि ट्यूब, दोन्हींच्या मागे एकच अडचण आहे: तपासणारा डॉक्टर जवळ नाही, आणि असला तरी त्याच्याकडे जायची लाज वाटते.

आणि जे बरे होत नाहीत, ते काठावर येऊन सांगत नाहीत. फ्रान्समध्ये लूर्द नावाचं तीर्थ आहे. १८५८ मध्ये तिथे मेरीमातेचं दर्शन झालं अशी श्रद्धा आहे, आणि तिथल्या झऱ्यात स्नानाला जगभरातून रोगी येतात. तिथे चर्चनेच डॉक्टरांचं कार्यालय ठेवलं आहे. बरा झालो म्हणणाऱ्याची कागदपत्रं, आधीचे आणि नंतरचे तपास, पुन्हा रोग उलटला का, हे सगळं वर्षानुवर्षं पाहिलं जातं. सात हजारांहून अधिक दावे नोंदले गेले आणि त्यांतले सत्तरच्या आसपास चर्चने मान्य केले. ही छाननी श्रद्धावानांनीच केली आहे. तरी लूर्दची गर्दी कमी झाली नाही. नोंद ठेवली म्हणून देव कोपत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्या गोष्टीकडे येते. कुष्ठरोग. शरभंगाच्या कथेमुळे या झऱ्यांचं नाव कुष्ठाशी कायमचं जोडलं गेलं आहे, आणि पाठीवर, दंडावर फिकट डाग दिसला की घरचे लोक घाबरून, शेजाऱ्यांना कळू न देता रोग्याला कुंडावर नेतात. दवाखान्यात गेलं की नाव लागेल, मुलीचं लग्न मोडेल, ही भीती असते. कुंडावर कुणी नाव विचारत नाही.

दवाखान्यात काय होतं ते मी सांगते, म्हणजे भीती थोडी जाईल. डॉक्टर डोळे मिटायला सांगतात आणि बॉलपेनच्या टोकाने डागावर हलकेच टेकवून विचारतात, कुठे लागलं, बोट ठेवा. रोगी निरोगी कातडीवर अचूक बोट ठेवतो. डागावर टेकवलं की त्याचा हात हलतच नाही. तो वाट बघत बसतो, अजून कधी लावताय म्हणून. मग कोपराच्या आतल्या बाजूची, गुडघ्याच्या बाहेरची नस चाचपून बघतात, ती जाड झाली आहे का. एवढ्यावर बहुतेक वेळा निदान होतं. हॅन्सेनने नॉर्वेत १८७३ मध्ये या रोगाचा जंतू शोधला. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली आणि चित्र पालटलं. डाग थोडे असतील तर सहा महिने, जास्त असतील तर बारा महिने गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. पहिल्या काही मात्रांतच रोग दुसऱ्याला लागण्याची शक्यता जवळजवळ संपते. २००५ च्या डिसेंबरात देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं ते या गोळ्यांनी आणि त्या घरोघर पोचवणाऱ्या माणसांनी. दत्तपूर, तपोवन, आनंदवन या महाराष्ट्रातल्या संस्थांनी रोग्याला औषध, काम आणि मान देऊन ते काम गोळ्या येण्याच्या कितीतरी आधी सुरू केलं होतं.

हा रोग जिवाला एकदम अपाय करत नाही. तो नसा खातो. आधी स्पर्श जातो, मग गरम-थंड कळेनासं होतं, मग बोटं वाकतात. गोळ्यांनी जंतू मरतो, पण मेलेली नस परत येत नाही. म्हणून प्रत्येक महिना मोलाचा आहे. ज्या माणसाच्या पायाला उष्णता कळत नाही, त्याला तुम्ही कढत पाण्यात पाय सोडून बसवता. कोकणातल्या उन्हवऱ्यासारख्या ठिकाणी उगमाचं पाणी ७० अंशांच्या घरात असतं. ६० अंशांचं पाणीही काही सेकंदांत कातडी भाजतं. निरोगी माणूस पाय टेकवताच ओरडून मागे घेतो. याला कळतच नाही. फोड येतो, तो फुटतो, त्याची जखम होते, चालता चालता ती हाडापर्यंत जाते. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांचंही तसंच, आणि आमच्या तालुक्यात मधुमेहाचं घर शोधावं लागत नाही. कुंडाच्या काठावर "कुष्ठरोग बरा होतो" असं सांगणारा माणूस वाईट नसेल, त्याचा हेतू चांगलाच असेल, पण त्याच्या शब्दावर गेलेले सहा महिने एखाद्याच्या हाताच्या बोटांनी फेडावे लागतात. यावर मला मवाळ बोलता येत नाही.

ऊन पाण्याचा काहीच उपयोग नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. सांधे आखडलेल्या म्हाताऱ्या माणसाला कोमट-ऊन पाण्यात बसल्यावर बरं वाटतं, हे खरं आहे. पाण्यात शरीराचा भार हलका होतो, स्नायू सैल पडतात, झोप चांगली लागते. गुडघ्यांच्या झिजेवर खनिज पाण्याच्या स्नानाचे जे अभ्यास एकत्र करून तपासले गेले, त्यांत दुखणं काहीसं कमी होतं असं आढळलं, पण अभ्यास लहान आणि कच्चे होते. संधिवाताबद्दल ठाम काही सांगता येईल एवढा पुरावा मिळाला नाही. जन्मभर ऊस तोडलेली, डोक्यावर मोळ्या वाहिलेली बाई दोन दिवस ऊन पाण्यात पाय सोडून बसली तर तिला मिळणारा आराम खरा आहे आणि तो तिच्या हक्काचा आहे. त्या आरामाला औषध म्हणायची गरज नाही.

परदेशाचा दाखला हमखास दिला जातो. युरोपात, जपानात लोक पैसे मोजून अशा पाण्यात बसतात, मग आपल्याच पाण्यावर शंका का, असं विचारतात. दाखला चांगला आहे, फक्त तो पुरा सांगायला हवा. इंग्लंडमधल्या बाथ शहरात रोमन काळापासूनची स्नानगृहं आहेत. १९७८ मध्ये तिथल्या पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूच्या संसर्गाने दगावली. ऊन गोड्या पाण्यात वाढणारा नेग्लेरिया नावाचा अमीबा नाकावाटे आत गेला होता. शहराने स्नानं बंद केली. नवा बोअर घेऊन, पाण्यावर प्रक्रियेची सोय करून लोकांसाठी नवं स्नानगृह उघडलं ते २००६ मध्ये. दोन हजार वर्षांची परंपरा असताना अठ्ठावीस वर्षं थांबले. याच जातीच्या अमीबांच्या संसर्गाने केरळात अलीकडे माणसं दगावली आहेत, म्हणजे ही लांबची गोष्ट राहिलेली नाही. हंगेरीत एखाद्या पाण्याला औषधी म्हणायचं तर सरकारी मान्यता लागते आणि ती तपासण्यांचे कागद दिल्याशिवाय मिळत नाही. जपानात १९४८ पासून उष्ण झऱ्यांचा कायदा आहे. पाण्यात कोणते घटक किती आहेत, कोणत्या विकारांत स्नान करू नये आणि काय काळजी घ्यावी, हे प्रत्येक स्नानगृहात सहज दिसेल अशा जागी लावावंच लागतं. परदेशातलं घ्यायचंच असेल तर हा फलक घ्या.

आपल्याकडेही कायदा नाही असं नाही. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ज्या रोगांवर इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांची यादी आहे, आणि तिच्यात कुष्ठरोग, कोड आणि संधिवात ही नावं आहेत. तरी या तिन्हींवर इलाज म्हणून कुंडांची नावं राजरोस छापली जातात. छापणाऱ्याने निदान ही यादी एकदा नजरेखालून घालावी.

शेवटचा आक्षेप सगळ्यात हळवा आहे: तुम्ही लोकांची श्रद्धा मोडता, आणि उद्या तिथे कुणी गेलंच नाही तर त्या गावांनी काय खायचं? फुलं-नारळ विकणारी बाई, खोल्या देणारं कुटुंब, खानावळ चालवणारा माणूस यांच्या पोटाचा प्रश्न मला क्षुल्लक वाटत नाही. पण पंढरपूर आमच्या शेजारी आहे. चंद्रभागेच्या पाण्याने कातडी बरी होते असं कुणी सांगत नाही, तरी आषाढीला लाखो माणसं चालत येतात. विठ्ठलाला भेटायला माणूस रोगी असावा लागत नाही. रामाच्या बाणाची कथा ऐकायला, सातपुड्याच्या पायथ्याशी, तानसेच्या काठी, पैनगंगेच्या खोऱ्यात हिवाळ्यात ऊन पाण्यात पाय सोडायला माणसं येतील, येत राहतील. खरा धोका दुसरीकडे आहे. झऱ्याभोवती हॉटेलं वाढली, प्रत्येकाने आपल्या तळ्यासाठी खोल बोअर घेतला, तर वर येणारी भेगच कोरडी पडू शकते. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआच्या उष्ण कारंज्यांचं असंच झालं होतं. १९८६-८७ मध्ये सरकारने आजूबाजूचे बोअर बंद केले, तेव्हा ती सावरू लागली.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती ग्रामपंचायत, देवस्थान आणि पर्यटन खातं या तिघांकडे आहे. गावोगावच्या पिण्याच्या विहिरी आणि बोअर तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळा जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यांच्याकडून कुंडाचं पाणी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर तपासून घ्या. उगमाशी आणि कुंडात किती अंश तापमान आहे, क्लोराइड किती, गंधकाची संयुगं किती, फ्लोराइड किती, मैलाचे जंतू आहेत की नाहीत, हे तारखेसह मोठ्या अक्षरांत मराठीत लिहा. त्याखाली लिहा: मधुमेही, गर्भवती, हृदयविकार असलेले आणि हातापायांना बधिरता असलेले यांनी उतरू नये, नाक-डोळे बुडवू नयेत, पाणी पिऊ नये. उघड्या जखमा आणि खाजेचे चट्टे असलेल्यांसाठी टाकीत उतरण्याऐवजी नळाखाली वेगळी सोय करा, तिचं पाणी परत कुंडात येणार नाही असं बघा. आणि शेवटी एक ओळ, की अंगावर फिकट किंवा लालसर डाग असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल, तर आजच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, औषध फुकट आहे. त्या ओळीशेजारी केंद्राचा पत्ता आणि तिथे जाणाऱ्या एसटीच्या वेळा लिहिल्या तर अधिक बरं.